आधी वही मिट

पत्र :

"मॅडम, मी भांडुपला राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ८९ टक्के. बारावी सायन्सला ६३. आता फोर्टच्या एका कॉलेजात एफवायबीएससीला आहे. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री आणि फिजिक्स, दोन्हींत एटीकेटी लागली. मी एकही लेक्चर बुडवत नाही, फळ्यावरचं सगळं उतरवून घेते. घरी टीव्ही बंद झाला की रात्री अकरानंतर वाचते. काही पानं तर अक्षरशः पाठ होती, पण पेपर हातात आला आणि डोकं कोरं झालं. वर्गात इंग्रजीत शंका विचारायची हिंमत होत नाही. प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी दीडला सुटते आणि तडक घरी येते. संध्याकाळी सहा ते आठ चाळीतल्या सातवी-आठवीच्या पाच मुलांची शिकवणी घेते, महिना तीनशे रुपये. त्यांचं सगळं मला झोपेत विचारलं तरी येतं. बाबा म्हणतात, सायन्स आपल्याला झेपणारं नाही, कॉमर्सला जा. आई म्हणते, शिकवणी बंद कर. मैत्रीण म्हणते, स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव, पण त्याची फी बारा हजार आहे. मी नक्की काय सोडू आणि काय धरू? आणि मी मुळातच ढ आहे का?"

– एफवायची एक विद्यार्थिनी, भांडुप

प्रिय भांडुपकर,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तूच पत्राच्या मध्यावर लिहून ठेवलं आहेस. मुलांचं सगळं तुला झोपेत विचारलं तरी येतं. ते सोपं असतं म्हणून येतं, असं तू म्हणशील. सोपं आहे, कबूल. तरी तुझ्या वर्गातल्या चांगल्या टक्केवाल्यांना उद्या सहज विचारून बघ, वर्गमूळ दोन अपरिमेय कशावरून? भले भले ततपप करतील. तुला येतं, कारण तू ते रोज तोंडाने सांगतेस. मुलं मधेच अडवतात, "ताई, पण का?" म्हणतात. मग तू तेच दुसऱ्या तऱ्हेने सांगतेस. पुस्तक मांडीवर असतं, पण तुझी नजर समोरच्या पोराच्या तोंडावर असते.

केमिस्ट्रीचं तू ह्यातलं काहीच करत नाहीस. वर्गात उतरवतेस, रात्री वाचतेस. वही न बघता सांगायची पहिली वेळ येते ती थेट परीक्षेच्या हॉलमध्ये, सुपरवायझर समोर उभा असताना. तिथे डोकं कोरं झालं तर त्यात नवल काय?

मी मुंबईतल्या कॉलेजांत केमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य काढलं. तुझ्यासारख्या मुली मी दर वर्षी बघितल्या. पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या, कधी गैरहजर नसणाऱ्या, दोन रंगांच्या पेनाने मथळे लिहिणाऱ्या. परीक्षेच्या आठवड्यात ह्यांच्याच वह्या झेरॉक्सवाल्याकडे जातात. झेरॉक्स घेणारी टवाळ पोरं रात्रभर एकमेकांना प्रश्न विचारत बसतात आणि सुटतात. वहीची मालकीण मात्र नापास होते. तुझ्या बाबतीतही असंच घडलं असेल असा मला दाट संशय आहे.

पण आधी कागदपत्रांचं काम, कारण त्याला मुदत असते. पहिल्या वर्षाची परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं. म्हणजे तुझ्या उत्तरपत्रिका कुठे दूर गेलेल्या नाहीत, त्याच इमारतीत आहेत. परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा आणि उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज कर. निकालानंतर ठरावीक दिवसच हे अर्ज घेतात. मुदत टळली असेल तर विषयाच्या सरांना किंवा मॅडमना भेट आणि "मला फक्त पेपर बघायचाय, मार्क वाढवून नकोत" असं सांग. हे दुसरं वाक्य विसरू नकोस. मार्कांसाठी भांडायला आलेल्या मुलापुढे शिक्षक आक्रसतो, चूक समजून घ्यायला आलेल्यापुढे खुर्ची सरकवतो. तिथेच एटीकेटीच्या फॉर्मची तारीखही विचार आणि नोटीस बोर्डचा फोटो काढून ठेव. फॉर्मची तारीख चुकली म्हणून तयारी असूनही परीक्षेला बसता न आलेली मुलं मी बघितली आहेत.

पेपर हातात आला की मार्क मोजू नकोस, ते कुठे गेले ते बघ. मार्क तीन वाटांनी जातात. पहिली वाट, प्रश्न कोराच सोडला. दुसरी, माहीत होतं पण वाक्य जुळेना, म्हणून दोन ओळींवर थांबलीस. तिसरी, भरपूर लिहिलंस पण विचारलं होतं भलतंच. पाठांतर करणाऱ्यांचे मार्क बहुतेक ह्या तिसऱ्या वाटेने जातात. माझं भाकीत, तुझ्या पेपरातही ही वाट चांगली रुळलेली असेल.

एक नमुना सांगते. पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस, हायड्रोजन सल्फाइडचा साधारण उणे ६० अंश. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड, ३४ विरुद्ध १८. तरी खोलीच्या तापमानाला तो वायू आणि पाणी द्रव, असं का? मार्क तीन. पाठांतर केलेली मुलगी "हायड्रोजन बाँड" हे दोन शब्द डोक्यात उजळले की व्याख्या लिहिते, प्रकार लिहिते, पाण्याच्या चार रेणूंची ठिपक्या-ठिपक्यांची सुबक आकृती काढते, पान भरवते आणि तीनपैकी एक मार्क घेऊन बाहेर येते. तिच्या उत्तरात हायड्रोजन सल्फाइडचं नावच नसतं! प्रश्न तुलनेचा होता. उत्तर चार वाक्यांचं होतं. ऑक्सिजन जास्त विद्युतऋण (म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढणारा), म्हणून पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध जोरकस. सल्फर तितका नाही, म्हणून तिथे हे बंध नाहीत म्हटलं तरी चालेल. पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवायला जास्त ऊर्जा लागते. म्हणून उत्कलनांक जास्त. झालं. आकृती नसती तरी तीनपैकी तीन.

ह्याला इंग्रजी किती लागतं? चार छोटी वाक्यं. क्लासच्या बारा हजारांकडे मी पुन्हा येईनच.

आता अभ्यासाचं. पद्धत साधी आहे, पण ती करताना फार वाईट वाटतं, म्हणून बहुतेक जण दोन दिवसांत सोडतात. दिवसभरात झालेल्या लेक्चरांपैकी एक निवड. वही मिट. पाठकोरा कागद घे आणि त्या लेक्चरमध्ये काय झालं ते आठवेल तसं लिही, मराठीत, इंग्रजीत, अर्धवट, बाणांनी, कसंही. पंधरा मिनिटं. अडलीस तरी वही उघडायची नाही. अडलेल्या जागी नुसतं डोकं खाजवत बसायचं, कारण त्या खाजवण्यातच अभ्यास होतो. मग वही उघडून जे सुटलं ते लाल पेनाने त्याच कागदावर लिही. पहिल्या दिवशी कागद लालेलाल होईल. तोच विषय दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, मग आठवड्याने पुन्हा. लाल कमी होत जातं.

हे आजीबाईच्या बटव्यातलं नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना विज्ञानातले छोटे उतारे दिले. काहींनी चारही खेपा तो उतारा वाचण्यातच घालवल्या. काहींनी एका खेपेला वाचला आणि पुढच्या तिन्ही खेपांना उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मला त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट वेगळीच वाटते. आपल्याला पुढे किती आठवेल असं मुलांना आधी विचारलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त खात्री होती ती वाचत बसणाऱ्यांना. रात्री पान पाठ वाटतं, हे तू म्हणतेस ते खरंच आहे. पण फलाटावर उभं राहून रोज लोकल बघितली म्हणून तिच्यात चढता येत नाही.

ही घोकंपट्टी नव्हे का, असं विचारशील. घोकणाऱ्याला क्रमाने येतं आणि मधूनच विचारलं की सुरुवातीपासून गाडी सुरू करावी लागते. तुझी परीक्षा अशी घे की सुरुवात कुठूनही झाली पाहिजे. त्यासाठी दर लेक्चरनंतर वहीच्या समासात स्वतःलाच तीन प्रश्न लिहून ठेव, त्यातला एक तरी "का"चा असू दे. महिन्याभरात समासातले हे प्रश्न हीच तुझी खरी वही होईल.

आता शिकवणी. आईची काळजी रास्त आहे. एटीकेटी लागलेल्या मुलीने दुसऱ्यांची पोरं शिकवावीत हे कुठल्याही आईला विचित्र वाटेल. तरी शिकवणी बंद करू नकोस. कुठल्या मुलांना काय शिकवतेस ते जरा नीट बघ. आठवीच्या सामान्य विज्ञानात 'अणूचे अंतरंग' नावाचा धडा आहे. डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर, ह्याच क्रमाने. एफवायच्या केमिस्ट्रीतलं अणुरचनेचं प्रकरणही तिथूनच पुढे जातं. रुदरफोर्डने १९११ साली सांगितलं की अणूच्या मध्यभागी छोटंसं धनप्रभारित केंद्रक आहे आणि इलेक्ट्रॉन त्याभोवती फिरतात. हे सांगितलंस की तुझ्या पाचांतलं एखादं चौकस पोर विचारेलच, "ताई, मग तो फिरता फिरता आत का नाही पडत?" प्लस आणि मायनस एकमेकांना ओढतात हे त्याला ठाऊक असतं.

हा प्रश्न त्या काळच्या भौतिकशास्त्रज्ञांनाही पडला होता. फिरणारा विद्युतभारित कण सतत ऊर्जा बाहेर टाकतो, ऊर्जा गेली की त्याची कक्षा आक्रसते, म्हणजे हिशेबाने इलेक्ट्रॉन क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा आणि तुझ्या हातातला खडूही शिल्लक राहायला नको. १९१३ साली बोरने म्हटलं की काही ठरावीकच कक्षा अशा आहेत, जिथे इलेक्ट्रॉन ऊर्जा न टाकता राहू शकतो. एका कक्षेतून दुसरीत उडी मारताना तेवढी तो ऊर्जा घेतो किंवा सोडतो. आठवीच्या पुस्तकात हे दोन-चार ओळींत उरकलं आहे. तुझ्या एफवायच्या वहीत ह्याचीच दोन-तीन पानांची गणितं आहेत आणि हायड्रोजन सोडून पुढच्या अणूंना बोरचा हिशेब लावताना तो का अडखळतो, हेही आहे. त्या पोराला तू मराठीत, खडूने फरशीवर वर्तुळं काढून हे पाच मिनिटांत पटवून देऊ शकलीस, तर समज की वहीतल्या गणिताला जागा तयार झाली. पटवता आलं नाही, तर नेमकं कुठे गाडी अडली ते दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला तुझ्याकडे छान प्रश्न तयार!

थोरल्यांनी धाकट्यांना शिकवावं ही रीत आपल्याकडे जुनीच. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासच्या अनाथाश्रमात ती वापरली, १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि तिकडे इंग्लंडमध्ये ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. संस्थेला फायदा हा, की कमी पगारी मास्तरांत काम भागलं. शिकवणाऱ्या मुलाचा काय फायदा झाला, ह्याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. तू तो फायदा आठवीपुरता घेते आहेस, आता एफवायपुरता घे.

फक्त आठवड्याचे दिवस कमी कर. सहाचे चार कर आणि तुझ्या परीक्षेच्या आधीचे दहा-बारा दिवस सुट्टी असेल असं पालकांना आत्ताच सांगून ठेव. आयत्या वेळी सांगितलंस तर कुरकुर होईल.

वेळ आणि जागा. वेळ तुझ्याकडे आहे, तो दुपारी दीडच्या गाडीत बसून निघून जातो. प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी चारपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीत बस. आयकार्डावर रीडिंग रूम मिळते. पंखा असतो आणि तिथे कुणी टीव्ही लावत नाही. काउंटरवर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाइल माग, बहुतेक कॉलेजांत असते आणि धूळ खात पडलेली असते. ह्या दोन-अडीच तासांत कोऱ्या कागदाचं काम झालं तर रात्री अकरानंतर जागायची गरजच उरत नाही. त्या वेळी केलेलं वाचन तसंही अर्ध्या झोपेतलंच.

सकाळच्या स्लोमध्ये लेडीज डब्यात उभं राहायला मिळालं तरी नशीब, पुस्तक कुठलं उघडणार? उघडूच नकोस. समासातले तीन-चार प्रश्न घरून निघताना वाचून घे आणि डोक्यातल्या डोक्यात सोडव. कांजूरमार्गला एक सुरू कर, घाटकोपर येईपर्यंत त्याचं उत्तर मनात जुळव. कुर्ल्याला लोंढा येतो तेव्हा सोडून दे, पाय सांभाळ. शीवपासून दुसरा प्रश्न, परळच्या आत संपव. भायखळ्यानंतर गर्दी पातळ होते, तेव्हा अडलेल्या जागा मोबाइलवर नुसत्या टिपून ठेव. कॉलेजात पोचल्यावर पहिलं काम वहीत त्या जागा बघायचं. परतीच्या गाडीत दुपारी खिडकी मिळते, तेव्हा खुशाल झोप काढ. माझा त्याला आक्षेप नाही.

मोठ्याने बोलायला मात्र जागा लागते. ती घरात नाही, हे तुझ्या पत्रात ओळींच्या मधे मला वाचता आलं. आजी झोपलेली, भावाचा अभ्यास, भिंतीपलीकडे शेजारी. मुंबईत हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. वरळीला बीडीडी चाळींच्या जवळ पोदार हॉस्पिटलच्या बाजूचा एक रस्ता आहे, त्याला सगळे अभ्यास गल्ली म्हणतात. जुन्या चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असायची, त्यात अख्खं कुटुंब. म्हणून पिढ्यान् पिढ्या मुलं त्या गल्लीत रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करत आली आहेत. कधी गेलीस तर बघ, बाकांवर बसलेल्यांइतकीच तिथे फेऱ्या मारणारी मुलं असतात. पुस्तक पाठीमागे धरलेलं, ओठ हलताहेत, मधेच थांबून पान बघायचं आणि पुन्हा चालायला लागायचं. गल्लीतल्या दिव्यांचं कौतुक सगळे करतात. मला ह्या फेऱ्यांचं जास्त वाटतं.

भांडुपला तशी गल्ली नसली तरी आसपास एखाद्या मंडळाची किंवा पालिकेची अभ्यासिका आहे का ते बघ. नाहीतर तुझ्या जुन्या शाळेत जा. ८९ टक्के मिळवलेल्या माजी विद्यार्थिनीला शाळा सुटल्यावर तासभर रिकामा वर्ग वापरू द्यायला मुख्याध्यापिका सहसा नाही म्हणणार नाहीत. फळाही मिळेल. दुसरी एखादी मुलगी सोबत घे. एकीने सांगायचं, दुसरीने "का?" विचारायचं.

आता इंग्रजी. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची आणि इंटरव्ह्यूला स्वतःची ओळख कशी करून द्यायची ते शिकवतात. वाईट काही नाही, पण तुझी अडचण ती नव्हे. बारा हजार वाचव. तुला सायन्सचं इंग्रजी हवंय आणि ते फुकट आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दोन्ही भागांच्या पीडीएफ मराठी आणि इंग्रजी, दोन्ही माध्यमांत आहेत. तोच धडा, तीच आकृती, तोच क्रम. मराठी तुला आधीच येतंय. एक परिच्छेद मराठीत वाच, तोच इंग्रजीत वाच, मग दोन्ही बंद करून इंग्रजीत तीन वाक्यं लिहून बघ आणि पुस्तकातल्या वाक्यांशी ताडून बघ. रोज एक परिच्छेद, बस. मोठ्या वाक्यांच्या नादी लागू नकोस. परीक्षकाच्या हातात गठ्ठा असतो, छोटं आणि बरोबर वाक्य दिसलं की त्याला हायसंच वाटतं. व्याकरण थोडं घसरलं म्हणून केमिस्ट्रीच्या पेपरात निदान मी तरी कुणाचे मार्क कापले नाहीत.

प्रश्नातलं क्रियापद मात्र ओळखायला शीक. 'स्टेट' म्हटलं की एक ओळ, कारण द्यायचं नाही. 'डिस्टिंग्विश'ला मधे रेघ मारून दोन रकाने. 'जस्टिफाय' किंवा 'गिव्ह रीझन'ला व्याख्या लिहीत बसायचं नाही, थेट कारण. 'डिराइव्ह'ला प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर, म्हणजे शेवटी चुकलीस तरी आधीच्या पायऱ्यांचे मार्क मिळतात. वर्गात लेक्चर चालू असताना टिपणं मराठी-इंग्रजी मिसळून काढलीस तरी चालेल, तुझी वही कुणी तपासत नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल तेवढं इंग्रजीत ठेव.

वर्गात हात वर करायची हिंमत होत नाही, तर करू नकोस. शंका विचारायची जागा वर्ग हीच एक आहे असं कुणी सांगितलं? लॅब बघ. टायट्रेशन चालू आहे, फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थेलीनचे थेंब पडलेत, तू ब्युरेटचा नळ अर्धा वळवून हलक्या गुलाबी रंगाची वाट बघते आहेस आणि सर टेबलामागून टेबल फिरताहेत. तुझ्यापाशी थांबले की तेव्हा विचार, मराठीत. तिथे शंभर पोरं ऐकत नसतात आणि मुंबईच्या कॉलेजांत मराठी समजणारे शिक्षक भरपूर आहेत. नसतील तर मोडक्या हिंदीत विचार, त्यांचीही मोडकीच असेल. फक्त "सर, काही कळलं नाही" असं म्हणू नकोस. त्यावर शिक्षक अख्खं लेक्चर पुन्हा देऊ शकत नाही, मग तो "पुन्हा वाच" म्हणून सुटका करून घेतो. "दुसऱ्या पायरीपर्यंत समजलं, तिसऱ्या पायरीत हा टू कुठून आला?" असं विचार. असा प्रश्न विचारणारी मुलगी शिक्षकाच्या लक्षात राहते, पुढच्या वेळी तो आपणहून थांबतो. आणि हा प्रश्न तुला कुठून मिळणार? लाल पेनाच्या कागदावरून.

टेबलापलीकडे उभी राहिलेली म्हणून एक गोष्ट सांगते. गप्प बसलेला वर्ग दिसला की बरेच शिक्षक समजतात, सगळ्यांना कळलं. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ "ह्या मुलीला इंग्रजी जड जातंय" असा तिकडे पोचतच नाही. हा शिक्षकाचाही दोष आहे, पण तो सुधारेपर्यंत तुझी दुसरी सेमिस्टर संपेल.

व्हॉट्सॲपवरच्या नोट्सच्या पीडीएफ साठवत असशील तर साठव, त्याने काही बिघडत नाही आणि घडतही नाही.

राहिले बाबा. त्यांच्याशी सायन्स की कॉमर्स ह्यावर वाद घालू नकोस. "आपल्याला झेपणारं नाही" हे वाक्य पोटच्या मुलीचं नुकसान होऊ नये ह्या भीतीतून येतं, फीचे पैसे त्यांच्या घामाचे असतात. त्यांना उत्तरपत्रिका दाखव. इथे मला येत होतं पण लिहिता आलं नाही, इथे मी भलतंच लिहिलं, इथे कोरं सोडलं, असं एकेक पान दाखवत समजाव. त्यांना केमिस्ट्री कळायची गरज नाही, मुलीला आपली चूक कुठे आहे ते कळलंय, एवढं त्यांना कळलं तरी पुरे. आणि दुसऱ्या सेमिस्टरच्या निकालापर्यंत मुदत माग. कॉमर्सला अकाउंट्स आहे, तिथेही वही मिटून गणित सोडवावं लागतं. ही पद्धत न बदलता तिकडे गेलीस तर एटीकेटी फक्त विषय बदलेल.

तरीही, एक सेमिस्टर हे सगळं इमानाने केलंस आणि पुढच्या उत्तरपत्रिकेत तिसऱ्या वाटेने नाही, तर पहिल्या वाटेने मार्क गेलेले दिसले, म्हणजे प्रश्न समजलाच नाही म्हणून पानं कोरी राहिली, आणि मुख्य म्हणजे ते पोर "आत का नाही पडत?" विचारतं तेव्हा तुलाही उत्तर शोधावंसं वाटेनासं झालं, तर खुशाल शाखा बदल. त्यात हार-जीत काही नाही. आत्ता मात्र तुझ्याकडे असा निर्णय घेण्याइतका पुरावा नाही.

आणि हो, तीनशे रुपयांचे पाचशे कर. चार दिवस केलेस तरी पाचशेच. पालक कुरकुरले तर सांग, आठवीच्या मुलांना विज्ञानही शिकवणार आहे, नुसतं गणित नाही. धाकट्या भावंडांना फुकटात सोबत बसवायला पाठवतात ना? त्यांना मात्र घरी पाठव. ती सांभाळायची वेळ तुझी नाही.